गोकर्णीचा ग्लास

"मग हे फूल निघणार कसं, मास्तर?"

वसुधा करंदीकरांनी काचेचा ग्लास टेबलावर ठेवला. त्यावर गोकर्णीचं एक निळं फूल होतं. पाकळ्यांवर ओरखडे उठले होते, पण निळा रंग जागचा हलला नव्हता.

गफूरमास्तरांनी ग्लास उचलून उजेडात धरला. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून मिरजेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते काचेवर रंगकाम शिकवत. काच व्हिनेगरनं पुसायची, रंग भरून दिवसभर वाळू द्यायचा, मग ग्लास थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवायचा आणि आतच निवू द्यायचा. इतकंच.

वसुधाबाई हे दोन महिन्यांत शिकल्या होत्या. "शंभरदा घासा, जायचा नाही," असं त्या चारचौघांत सांगत.

"कशानं घासलंत?"

"तारेच्या घासणीनं. स्पिरिटनं. शेवटी ब्लेड घेतलं."

"चांगलं फूल आहे. का काढून टाकायचं?"

"घरातले ग्लास सगळे सारखे हवेत."

"बाकीच्यांवर फूल नाही?"

"नाही."

"मग या एकावरच का काढलंत?"



"कोंडाबाईंचा आहे तो," वसुधाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात. चौदा वर्षं झाली."

"आणि?"

"वेगळा कळावा म्हणून... आधी बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावत होतो. महिन्याभरात जायचा. मग ग्लास मिसळायचे आणि सासूबाई सगळे उकळायला लावायच्या."

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला.

"म्हणून पहिल्याच दिवशी विचारलंत... रंग किती टिकेल?"



वसुधाबाई पुढचं सांगू लागल्या. कोंडाबाईंनी ते फूल पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "ताईंनी माझ्यासाठी फूल काढलं," असं त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं. एकदा ग्लास पदराखाली धरून शेजारणीला दाखवायलासुद्धा नेला. रोज स्वतः धुवायच्या, स्वतः पुसायच्या.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"एवढ्या खूश होत्या. कशाला बोलायचं?"

गेल्या आठवड्यात घरी हळदीकुंकू होतं. एका पाहुणीनं पाणी प्यायला नेमका तो ग्लास उचलला. सासूबाईंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला. "अगं, तो नको! तो कामवालीचा. म्हणून तर खूण केलीय."

कोंडाबाई दारातच उभ्या होत्या, हातात पन्ह्याचा ट्रे घेऊन.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. ट्रे ठेवला. भांडी घासली. आपला ग्लास धुऊन पालथा घातला आणि गेल्या."

"काम सोडलं?"

"नाही ना! सोडलं असतं तर बरं झालं असतं. रोज येतात, वेळेवर येतात. तहान लागली की मागच्या अंगणात जातात आणि नळाखाली ओंजळ धरतात... माझ्यादेखत."



"माफी मागितलीत?"

वसुधाबाईंची मान ताठ झाली. "कशाची मागू? चौदा वर्षांत वाकडा शब्द नाही बोलले मी. त्यांच्या मुलीच्या लग्नाला पैठणी दिली, स्वतःची. आणि मी आता फूल काढून टाकतेच आहे की! सगळे ग्लास एकसारखे. आणखी काय करायचं माणसानं?"



मास्तर उठून माठाकडे गेले. फुलाचा ग्लास विसळला, काठोकाठ भरला आणि वसुधाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या. उन्हातून चालत आलात."

वसुधाबाईंनी ग्लासाकडे पाहिलं. हात पुढे केला. बोटं काचेला लागली...

तिथंच थांबली.

"तहान नाही, मास्तर."

त्यांचे ओठ सुकलेले होते. कपाळावरचा घाम कानाशी ओघळत होता.

मास्तर वाट पाहत राहिले. बराच वेळ. वसुधाबाईंनी हात मागे घेतला आणि पदराशी चाळा करत बसल्या.

मग मास्तरांनी तो ग्लास उचलला. सावकाश, एकेक घोट घेत, सगळं पाणी स्वतः प्याले.

वसुधाबाईंना वर बघवेना. "घरातल्या सवयी असतात हो," त्या पुटपुटल्या. "एका दिवसात थोड्याच जातात..."

मास्तरांनी ग्लास फडक्यानं पुसला.

"तुम्ही फक्त सांगा. हे फूल निघेल की नाही?"

गफूरमास्तरांनी रिकामा ग्लास त्यांच्या हातात दिला.

"निघेल. अर्ध्या तासाचं काम आहे," ते म्हणाले. "पण मग त्यांचा ग्लास तुम्ही ओळखणार कसा?"