‘येतो’ म्हणून गेलेला गोंदाजी

“येतो महाराज!” असं म्हणून दिवे लावणारा गोंदाजी दालनातून बाहेर पडला, आणि वज्रसेन महाराज त्याची वाट बघत बसले! पानं वाढून गार झाली, तरी महाराज जागचे हलेनात. “येतो म्हणालाय ना? मग आला पाहिजे!”

गोंदाजी कशाला येतोय? तो आपला घरी जाऊन मजेत भाकरी खात होता.

आता तुम्ही म्हणाल, राजा वेडा होता की काय? छे! मनाने लाख माणूस. पण एक खोड भारी वाईट. रोज संध्याकाळी विद्वानांना बोलावून गप्पा मारायच्या, आणि त्यांचं काही पटलं की लगेच त्याचा कायदा करून मोकळं व्हायचं! एकाची जांभई पाहून दुसऱ्याला का येते, यावर एकदा चर्चा रंगली आणि अख्खा दरबार जांभया देत सुटला. दुसऱ्या दिवशी जांभईवर बंदी!

या खेपेला ताऱ्यांचा अभ्यास करणारे अनंतशास्त्री आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, “महाराज, आमच्या शास्त्रात जसं दिसेल तसंच सांगावं लागतं. मावळत्या चंद्राला उगवता म्हणून भागत नाही.”

झालं! महाराजांना ते इतकं पटलं की लगेच दवंडी पिटली. जसं असेल तसंच बोला, उलटं बोलेल तो राज्याबाहेर!

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! देवळात ‘नारळ वाढवा’ म्हणायची चोरी, ‘फोडा’ म्हणायचं. बांगडी ‘वाढली’ म्हणायचं नाही, ‘फुटली’ म्हणायचं. बायकांनी तर बोलणंच टाकलं. आणि त्यात सापडला बिचारा गोंदाजी. दवंडी त्यानेही ऐकली होती हो, पण जिभेचं वळण कुठं जातंय?

दुसऱ्या दिवशी त्याला दरबारात उभं केलं.

“जात होतास आणि ‘येतो’ म्हणालास. चल, नीघ राज्यातून!”

“महाराज, या वयात मी कुठं जाऊ?” गोंदाजीला रडूच कोसळलं.

शास्त्रीबुवाही कळवळले. “महाराज, मी ताऱ्यांबद्दल बोललो होतो हो!”

“पण मला माणसांबद्दल पटलं!”

तेवढ्यात गर्दीतून गोंदाजीची लेक पुढे आली. नाव ठकू. नावाला जागणारी पोर!

“महाराज, निघताना ‘येतो’ तर सगळेच म्हणतात. शहाणी माणसंसुद्धा!”

“म्हणत होते. आता कायदा आहे. तो ठाऊक असताना कुठला शहाणा खरा शब्द सोडून तुझा हा उलटा शब्द मागेल?”

“मागेल की!”

“अस्सं? मग आणून दाखव मला असा शहाणा! कायदा ठाऊक असलेला. कुणाचा धाक नाही, कसला लोभ नाही. आणलास तर तुझा बाप सुटला. नाहीतर दिवेलागणीच्या आत वेशीबाहेर!”

दरबार गालातल्या गालात हसला. भर दरबारात कायदा मोडायला कोण येणार?

ठकू पळाली ती थेट आत, राजमातेकडे. आईसाहेब भावाच्या नातवाच्या बारशाला निघाल्या होत्या, मेणाही दाराशी आला होता. ठकूने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आईसाहेब पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या.

थोड्याच वेळात त्या दरबाराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लेकाकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, “बाळा, जाते हं मी!”

महाराज ताडकन उठले. “आई! हे काय बोलणं? जाते काय म्हणतेस? येते म्हण!”

“अरे, पण मी जातेच आहे ना? कायदा आहे तुझा.”

“कायदा गेला खड्ड्यात! आधी येते म्हण बघू!”

आईसाहेबांच्या मागून पुढे येत ठकूने हळूच हात जोडले. “महाराज, शहाणा मिळाला. कायदा त्यांना ठाऊक आहे, त्यांनीच केलाय! धाक कुणाचा नाही, लोभ कसला नाही. अजून काही हवं का?”

महाराज मटकन खाली बसले. पण हट्टी माणूस तो! “अगं, पण आई जात होती हे खरं ना?”

“पाय जातात, ते दिसतंच महाराज. दिसतं ते कशाला सांगायचं? दिसत नाही ते बोलून सांगावं लागतं. ‘येते’ म्हणजे मला तुमच्याकडे परत यायचंय. यात खोटं काय आहे?”

शास्त्रीबुवांनी मांडीवर थाप मारली. “वा गं पोरी! तारे काही बोलत नाहीत, म्हणून आमचं फावतं!”

आणि महाराज असे खो खो हसले, की पगडी कानावर आली! आईने ‘येते’ म्हटल्यावरच मेणा हलला, आणि गोंदाजीला तिथल्या तिथं मोकळं केलं. मग महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं.

“आणि हे बघ, आजपासून संध्याकाळच्या गप्पांना तूही बसायचंस. मला एखाद्याचं फार पटायला लागलंय असं दिसलं, की तिथंच माझं तोंड धरायचं!”