गिधाडांचं वतन

कड्यावर गिधाडं बसली की आपलं मरण जवळ आलं, या धास्तीने जहागीरदार सुभानरावांनी ती सगळी मारवली. पुढे गुरांत साथ आली. मेलेली ढोरं ओढ्यात सडली, पाणी नासलं, माणसं तापाने जाऊ लागली, बाजार ओस पडला. पण तोंड उघडेल त्याचा कडेलोट, म्हणून सगळे गप्प.

शेवटी पाटलीण चिमाबाई दरबारात आली. "सरकार, ज्याने वतन घेतलं, त्या वतनाची चाकरीही त्यानेच करायची, हा तुमचाच कायदा ना?"

"आमचाच!"

"मग मेलेलं ढोर साफ करायचं गिधाडांचं वतन तुम्ही घेतलंत. ओढ्यात पान वाढलंय. बसताय ना?"

सुभानरावांनी नाकाला शेला लावला. कडेलोटाचा हुकूम निघालाच नाही.

त्या दिवसापासून ते कड्याकडे बघत बसत. एकही गिधाड येत नव्हतं, आणि आता त्याचीच त्यांना धास्ती वाटे.