हळद कुणी पुसली

"माज्या हाताला हळद न्हवती का वो, मास्तर?"

शालनताई साळुंखेंनी आल्या आल्या हेच विचारलं. फोटो स्टुडिओत कुणी चपला काढत नाही. त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. काउंटरवर लेकीच्या लग्नाचा अल्बम उघडला, एका पानावर बोट ठेवलं आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

खैरमोडे मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला.

फोटो हळदीचा होता. पाटावर नवरी बसलेली, पाटाभोवती रांगोळी. मागून झुकलेली आई आणि तिचा उजवा हात लेकीच्या गालाजवळ. हात स्वच्छ. गालही स्वच्छ. आईचा चेहरा अर्धा काळोखात.

"छान आलाय की हा," कॉम्प्युटरवरून हर्षदा म्हणाली.

मास्तरांनी पान उजेडाकडं वळवलं.

तासगावात हा स्टुडिओ मास्तरांनीच उभा केलेला. काळेपांढरे फोटो ब्रशनं रंगवण्यात त्यांची अर्धी हयात गेली. कुणी बायकोचा फोटो रंगवायला आणला तर म्हणायचे, साडी घेऊन या, मग रंगवतो. माणसं वैतागायची आणि साडी घेऊन यायची. आता डोळे थकले होते, म्हणून हे काम हर्षदाकडे होतं. हर्षदा कोळेकर, वय चोवीस. सांगलीला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्यात पहिला नंबर. हे ती विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

"हर्षदा, यातली हळद कुठं गेली?"

"मास्तर, सगळा फोटोच पिवळा होता. मांडवाचं कापड पिवळं, वर पिवळे बल्ब. एक बटण दाबलं, सगळा पिवळेपणा गेला. मग कॉन्ट्रास्ट वाढवला, उजळ ते अजून उजळ, काळं ते अजून काळं, फोटोला उठाव आला. नवरीच्या गालावर डाग होता, तोही काढला."

"डाग?"

"मोठा होता. पंजाएवढा."

शालनताईंनी अल्बमवरचं बोट उचललं.

"त्यो डाग न्हवता पोरी," त्या म्हणाल्या. "माजी बोटं हुती ती."

...

हर्षदानं खुर्ची वळवली.

शालनताई हळूहळू बोलल्या. सांगण्यासारखं फार नव्हतंच. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक लग्नात त्या हळद कालवायच्या, आंब्याची पानं निवडून द्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. लावायला पाच सुवासिनी पुढं. कुणी त्यांना ढकललं नव्हतं. त्या आपणच मागं सरायच्या, म्हणजे कुणाला सांगावं लागू नये.

लेकीच्या हळदीलाही तशाच उभ्या होत्या. तृप्ती पाटावरून मागं वळली, आईला ओढून आणलं, तिचा हात हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर दाबला.

"समदा मांडव गप झाला बघा. मला वाटलं आता पाय जमिनीत जातील. पर लेक हसली... मग मीबी हसले."

"मग चांगलंच झालं की," हर्षदा म्हणाली.

"हो की. पर अल्बम आला. जाऊबाईनं पान उघडलं नि समद्यांम्होरं म्हनली, बघ शालन, देवालाच मान्य न्हवतं. फोटूत उतरलीच न्हाई तुजी हळद. देवानंच पुसली."

शालनताईंनी अल्बम मिटला.

"आठ दिस झालं, घास गोड लागत न्हाई. लेकीच्या संसाराला माजा हात लागला म्हनून काय वंगाळ व्हायचं आसलं तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "खरं काय ते सांगा मास्तर. उतरली न्हवती का?"

मास्तरांनी हर्षदाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

हर्षदाला कॅमेऱ्याचा दोष म्हणून सांगता आलं असतं. उजेड कमी होता, असं काहीतरी. शालनताईंनी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं आणि मास्तरांनीही गिऱ्हाइकासमोर हर्षदाला खोटं पाडलं नसतं. तिच्या ओठांवर ते आलंही होतं.

ती उठली. काउंटरच्या अलीकडं आली.

"काकी, देवानं नाही पुसली. मी पुसली."

"तू?"

"हो."

"म्हंजी... उतरली हुती?"

"चांगली ठसठशीत उतरली होती. मला डाग वाटला. मी काढला."

"देवाचं काय न्हाई त्यात?"

"काहीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर. या बोटानं."

शालनताई बाजूच्या स्टुलावर मटकन बसल्या. आता ही बाई ओरडणार म्हणून हर्षदानं मान खाली घातली होती. पण त्या मोठा श्वास सोडून म्हणाल्या, "तूच व्हय! लई बरं झालं बाई. मग देवाचं नि माजं कायबी वाकडं न्हाई म्हनायचं."

पदरानं डोळे पुसले, मान पुसली. रंग परत चढला चेहऱ्यावर. मग म्हणाल्या, "पर आता ती परत येती का?"

हर्षदाचा चेहरा मात्र उतरला.

"मास्तर... मी त्याच फोटोवर सेव्ह केलंय. आधीचा नाही राहिला."

"कोर्समध्ये सांगतात ना, आधी एक प्रत बाजूला ठेवायची म्हणून?"

"पहिल्याच दिवशी सांगतात."

"आणि?"

"मला वाटलं, मला कशाला लागतेय."

मास्तरांनी ड्रॉवर ओढून पानाचा डबा काढला. पान डॉक्टरांनी बंद केलं त्याला सहा वर्षं झाली, पण डबा जाग्यावर होता. चुन्याच्या खणात कागदाची एक पुडी होती आणि पुडीवर पेन्सिलनं लिहिलेलं होतं: साळुंखे, हळद.

पुडीत लग्नातले मूळ फोटो असलेलं कॅमेऱ्याचं कार्ड होतं. पुढच्या कामासाठी रिकामं करायला हर्षदानं ते गेल्या पंधरवड्यात दोनदा मागितलं होतं आणि दोनदा मास्तरांनी बहिऱ्याचं सोंग घेतलं होतं.

"गिऱ्हाईक फोटो बघून हसल्याशिवाय निगेटिव्ह हलवायची नाही," ते म्हणाले. "आता निगेटिव्ह नाही, म्हणून हे ठेवतो."

हर्षदानं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. इतका सुटल्यासारखा श्वास तिनं निकालाच्या दिवशीही सोडला नसेल.

तिनं आधी फोटोची प्रत केली. मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "प्रत केली."

मग पडद्यावर फोटो उघडला. सगळंच पिवळं: कापड पिवळं, भिंत पिवळी, माणसं पिवळी. त्यात गालावरची पाच बोटं शोधावी लागत होती.

"आत्ता गं," शालनताई म्हणाल्या. "समद्यांनाच कावीळ."

हर्षदाचा हात सवयीनं त्याच बटणाकडं गेला. मास्तरांनी माउसवर तळवा ठेवला.

"या फोटोतला नक्की ठाऊक असलेला एक रंग सांग."

"पिवळा."

"पिवळ्याचंच तर भांडण चाललंय. दुसरा."

"साडी?"

"त्या दिवशी तू होतीस तिथं?"

"नव्हते."

"मग तुला साडी ठाऊक नाही."

हर्षदानं पडद्यावरचा फोटो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्याहाळला.

"रांगोळी," ती म्हणाली. "रांगोळी पांढरीच असणार."

"मग तिला विचार."

पडद्यावर एक खूण असते. हा पांढरा समज, असं तिच्या मदतीनं कॉम्प्युटरला सांगता येतं. हर्षदानं ती रांगोळीच्या रेघेवर टेकवली. रेघ पांढरी झाली. तिच्यामागोमाग भिंत भिंतीसारखी झाली, माणसं माणसांच्या रंगाची झाली. बल्बचा पिवळेपणा गेला आणि हळद जिथल्या तिथं राहिली.

"आगं बया," शालनताई पुढं झुकल्या. "ती बघा... माजी बोटं."

"तुम्ही कुठं आहात पण?" मास्तरांनी विचारलं. "हात दिसतोय. बाई दिसत नाही."

"मी मागं हुते न्हवं."

"हर्षदा, मागं उभ्या असणाऱ्यांना कॉन्ट्रास्ट आधी गिळतो. किती वाढवणार होतीस?"

"नाही वाढवत." तिनं काळोख कमी-जास्त करायची पट्टी हळूहळू सरकवली. एकदम नाही, थांबत थांबत. काळ्यातून कपाळ आलं, मग डोळे आले. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं. दोन्ही कॅमेऱ्यानं टिपलं होतं आणि दोन्ही हर्षदानं त्या मंगळवारी काळं करून टाकलं होतं.

राहता राहिली हळद. हर्षदानं रंग थोडा वाढवला.

"हे झेंडूगत झालं," शालनताई म्हणाल्या.

कमी केला.

"आता बेसन."

"मग नेमकी कशी होती, काकी?"

"आता कसं सांगू? हळदीगत हुती."

मास्तर उठले. स्टुडिओच्या मागंच त्यांचं घर. थोड्या वेळानं एका वाटीत हळद कालवून घेऊन आले आणि वाटी शालनताईंच्या पुढं ठेवली.

"लावा हिच्या हाताला."

शालनताईंचा हात चटका बसावा तसा मागं गेला.

"मी कशाला? तुमीच लावा की."

"मी लावलेली फोटोत नाही."

...

त्यांनी उघड्या दाराकडं पाहिलं. बाहेर रस्ता होता, रिक्षा जात होत्या. कुणी बघत नव्हतं. तरी हात पदराखालीच राहिला. चौदा वर्षांची सवय होती ती.

हर्षदानं उजवा तळहात त्यांच्यापुढं धरला. धरूनच राहिली.

तिचा हात अवघडायला लागला, तेव्हा शालनताईंनी वाटीत बोटं बुडवली. आधी दोन, मग पाचही. आणि तिच्या तळव्यावर दाबली, चांगली घट्ट.

हर्षदानं डाव्या हातानं माउस धरला आणि उजवा तळवा पडद्याशेजारी उघडा धरला. एकदा तळव्याकडं बघायची, एकदा गालाकडं. रंग इकडं केला, जरा तिकडं केला. दोन पिवळे एकमेकांना मिळाले तशी ती थांबली.

"पुरे," मास्तर म्हणाले.

फोटो छापून आला. शालनताईंनी तो दारात उजेडाला नेला, लांब धरला, जवळ धरला. आणि हसल्या. मोठ्यानं, रस्त्यावरची दोन माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं.

"आता जाऊबाईच्या पुढ्यात धरते," म्हणाल्या. "भांडायला न्हाई हां. नुसतं दावायला."

चपला पायात सरकवल्या आणि निघाल्या. हाताची हळद पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मास्तरांनी कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून हर्षदाच्या हातावर ठेवलं. पुडीचा कागद चुरगळून टाकला आणि डबा मिटला.

हर्षदा तळव्याकडं बघत बसली होती. कोर्समधला पहिला नंबर सकाळपासून तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

"मास्तर... काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे कळायचं कसं? डाग ओळखायचा कसा?"

"आधी हात धुऊन ये."

ती मागच्या नळावर गेली. साबण लावला, धुतला. परत लावला, परत धुतला. मग पुसत पुसत आली आणि मास्तरांसमोर तळवा उघडला. पाच पिवळी बोटं जरा फिकी झाली होती, पण होती.

"गेला?"

"नाही गेला."

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मग तो डाग नव्हे."