ठकीची ताठ कंबर

ह्या गोष्टीचा शेवट कुनी आधीच वळखून दावला, तर मी माजी अर्धी मिशी उतरवीन. लावा पैज!

लई वर्सांमागं गाड्या बोलायच्या, तवाची गोष्ट. घाटाखाली दोन जिपा हुत्या, म्हातारा धोंडू आन तरणी ठकी. जत्रंदिशी जी जीप घाट चढून देवळाशी आधी पोचंल, तिच्यातनं देवीचा मुखवटा मिरवायचा. आन वाटंत कुनी अडाकलं, तर त्याला मानकऱ्यानंच वढून आनायचं, अशी रीत. तीन सालं मान ठकीचाच. धोंडू पोटातनं जळायचा.

एक दिस तो म्हनला, "ठके, वळनावर कंबर किती हालती गं तुजी! लोक हासत्यात."

ठकीला झोंबलं. तिनं मिस्त्रीकडनं सांगाड्याला लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या. वळनं झ्याक जमाया लागली. हितंच थांबायचं का न्हाई? पन धोंडू म्हनला, "आता चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बी कडक कर की!"

पाटे कळवळले, "बाई, आमी लवतो म्हनून तुजी चाकं भुई धरून ऱ्हात्यात."

"गप बसा, वाकणाऱ्यांनो!" म्हनत ठकीनं त्यांच्यावर चार जाड पाटे चढवले.

जत्रंदिशी ठकी सुसाट सुटली. खडकाळ वळनावर चाकं टुनटुन उडाली, भुई सुटली, आन ठकी थेट चरात!

धोंडू हासत हासत देवळाशी पोचला, हार घालून घेतला, देवीचा मुखवटा मिरवला. मंग पुजारी म्हनला, "मानकरी, रीत इसरलास व्हय? जा, वढून आन तिला."

पट्ट्यांनी आन पाट्यांनी जडशीळ झालेली ठकी वढता वढता धोंडूचाच सांगाडा वाकला. आता वळनावर त्याची कंबर हालती, आन ठकी खुदुखुदु हासती.