बांधावरचा वाटेकरी

पुष्कळ जुन्या काळची ही गोष्ट. एका खाडीच्या मुखाशी छोटंसं बंदर होतं. तिथं इद्रिस नावाचा व्यापारी राहायचा. गावातल्या विधवा, थकलेले खलाशी आपली पुंजी विश्वासानं त्याच्याकडे ठेवीत. माणूस सचोटीचा, पण जिवाला सतत घोर. जेवताना निम्म्यातून उठायचा आणि ठेवींची पेटी जागेवर आहे ना, ते बघून यायचा.

पेटीतला पैसा पेटीत राहून कुणाच्या उपयोगी पडत नव्हता. आणि व्याज घेणं तर त्याच्या धर्माला मंजूर नव्हतं.

एके दिवशी खाडीपलीकडचे आगरी त्याच्याकडे आले. त्यांचा म्होरक्या धाया म्हणाला, "शेठ, नवं मिठागर बांधायचंय. हात आहेत, पैसा नाही."

इद्रिसनं ठेवीदारांना बोलावून विचारलं. मग धायाला सांगितलं, "नफ्यातले दोन वाटे तुमचे, एक आमचा. बुडालं तर पैसा आमचा बुडाला, मेहनत तुमची. तुमच्या घरादाराला मी हात लावणार नाही."

पैसा दिला खरा, पण त्या दिवसापासून इद्रिसचं चित्त ठिकाणावर राहीना. बांध पक्का असेल ना? पाणी झिरपत तर नसेल? रोज होडीनं खाडी ओलांडून तो मिठागरावर जाऊ लागला. वाकून वाकून बांधाला हात लावून पाहायचा. आगरी गालात हसायचे.

शेजारच्या मिठागराला एका सावकारानं कर्ज दिलं होतं. एकदा तो वसुलीला आला, तेव्हा म्हणाला, "इद्रिसशेठ, हा चिखल कशाला तुडवता? माझं व्याज ठरलेलं. मीठ पिको न पिको, मला काय त्याचं?"

इद्रिसला त्याचा हेवा वाटला. घरी परतताना त्याच्या मनात आलं, आपण उगीच ही धास्ती अंगावर घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याला बांधाबाहेरच्या चिखलात खारफुटीतल्या तिवराची ताजी खुंटं दिसली. दहा-बारा झाडं तोडली होती. पलीकडे सावकाराच्या बाजूला तर किनारा पार उघडा पडला होता.

"धाया, ही झाडं गेली तर उधाणाचं पाणी थेट बांधावर आदळेल रे!"

"कळतंय, शेठ," धाया मान खाली घालून म्हणाला. "पण पहिलं मीठ निघेपर्यंत चूल कशावर पेटवू? पोरांना कच्चे तांदूळ देऊ?"

घरी आल्यावर इद्रिस अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी त्यानं सदक्यासाठी, म्हणजे दानधर्मासाठी, बाजूला काढलेली रक्कम आणली आणि ठेवीदारांपुढे ठेवली. "हिच्यातून आगऱ्यांना सरपण आणि धान्य देऊ का?"

जुलेखाबी सगळ्यांत वयस्कर. ती म्हणाली, "इद्रिसभाई, ज्यांच्या चुलीत लाकूड नाही, त्यांना नाही तर कुणाला द्यायचं?"

सरपणाच्या होड्या पलीकडे गेल्या. कुऱ्हाडी थांबल्या. उघड्या चिखलात आगऱ्यांनी तिवराची नवी रोपं खोचली.

मग होळीच्या पुनवेला, भर दुपारी, कुणी पाहिलं नव्हतं असं उधाण आलं. सावकाराच्या बाजूचा बांध घटकाभरात वाहून गेला. इकडे तिवरांनी लाटांचा जोर मोडला, तरी एका कोपऱ्यात भगदाड पडलंच. इद्रिस नेसत्या कपड्यांनिशी कमरेएवढ्या चिखलात उतरला आणि आगऱ्यांच्या बरोबरीनं मातीच्या पाट्या टाकू लागला. पाणी ओसरलं तेव्हा तिसरा हिस्सा मीठ विरघळून गेलं होतं. बाकीचं वाचलं.

त्या वर्षी ठेवीदारांना थोडकाच वाटा मिळाला. कुरकुर झाली. पण सावकार वसुलीला आला, तेव्हा त्याच्या मिठागरावर चिटपाखरू नव्हतं. कर्जाच्या भीतीनं माणसं परागंदा झाली होती. खारट चिखल काही व्याज देईना.

पावसाळ्यानंतर तीच माणसं भीत भीत इद्रिसच्या दाराशी आली. "शेठ, आमच्याशीही वाट्यानं कराल?"

पुन्हा तीच धास्ती, तीही दुप्पट! इद्रिसनं जुलेखाबीकडे पाहिलं.

"माझा वाटा यांच्या बांधावर घाला," ती म्हणाली. "पण रोज जाऊन बघायचं काम तुमचंच हं."

इद्रिस उठला. भरतीची वेळ जवळ आली होती. चपला घालता घालताच त्यानं होडीवाल्याला हाक मारली.

पुढं दोन्ही मिठागरांच्या बांधांबाहेर तिवरं दाट झाली, मिठाच्या राशी वाढल्या, आणि गाव सोडून जायची पाळी कुणावर आली नाही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या नुकसानीत जो स्वतःचा वाटा ठेवतो, तोच त्याच्या भल्यासाठी मनापासून झटतो.