खूण नसलेला वाडगा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. एका डोंगरगावात एकाच गुरूकडे शिकलेले दोन कुंभार होते, एक थोरला आणि एक धाकटी. गावाची भट्टी एकच होती. तीन दिवस जाळ घातला की वाडगे दगडासारखे टणक होऊन निघायचे. वाडगा जेवणाऱ्याचा, घडवणाऱ्याचा नाही, म्हणून त्यावर कुणी आपली खूण करायची नाही, अशी तिथली रीत होती.

लोक धाकटीच्या वाडग्यांचं कौतुक करत. "आमटी गरम राहते आणि हातही भाजत नाही," असं कुणी म्हणालं की थोरल्याच्या पोटात दुखू लागे. तो आपल्या चाकावर बसे, पण डोळे तिच्या चाकाकडे. तिने माती किती घेतली, कड कशी वळवली, राखेची झिलई किती दाट दिली, सगळं त्याला पाठ होतं. आपल्या हाताखाली काय घडतंय, तेवढंच काय ते ठाऊक नसे.

एका वर्षी गुरू थकले. म्हणाले, "या खेपेला ज्याचा वाडगा सगळ्यांत चांगला निघेल, त्याच्या हाती भट्टी सोपवीन." दोघांनी वीस-वीस वाडगे भट्टीत रचले.

भट्टी निवली त्या दिवशी उजाडताच थोरला एकटाच तिथे गेला. जाळाने सगळ्याच वाडग्यांचे रंग पालटले होते. त्यातला एक पाहून तो थबकला. शेवाळासारखा हिरवा, तळहातात अलगद बसणारा. एवढा चांगला म्हणजे तिचाच, असं म्हणून त्याने तो दगडावर आपटला.

तेवढ्यात गुरू आणि धाकटी आले. "हातातून निसटला," थोरला म्हणाला.

गुरूंनी तुकडे जोडून पाहिले. "हा ज्याने घडवला त्यालाच भट्टी दिली असती," ते म्हणाले. थोरला मान खाली घालून मनात सुखावला.

धाकटीने एकेक वाडगा हातात घेऊन आपले बाजूला काढले. वीसच्या वीस भरले. "दादा, फुटलेला तुमचा होता. ही कड कशी वळवलीत?"

थोरल्याला सांगता येईना. आपल्या वाडग्याची कड वळवताना तो तिच्याकडे बघत होता.

गुरू म्हणाले, "आपल्या भट्टीचा वाडगा निसटला तर नुसता टवका उडतो, बाबा. असा चुरा आपटल्याशिवाय होत नाही. ज्याला आपलं काम ओळखता येत नाही आणि दुसऱ्याचं बघवत नाही, त्याच्या हाती गावाची भट्टी कशी देऊ?"

भट्टी धाकटीला मिळाली. थोरल्याने पुढे शेकडो वाडगे घडवले, पण तसा एकही पुन्हा जमला नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा ऐका: मत्सराने दुसऱ्याचं मोडायला जाणारा आधी आपलंच चांगलं मोडून बसतो.