काहीच न मिसळलेला नमुना

"पण सर, माझं चुकलं कुठे?"

रेवाने पुन्हा विचारलं. कुलथे सर बर्नर पुसत राहिले.

दिवाळीची सुट्टी होती. गावाबाहेरच्या त्या नर्सिंग कॉलेजात प्रयोगशाळा सोडली तर सगळ्या दारांना कुलपं होती. रेवा ठोंबरे पहिल्या वर्षाला. जीवरसायनाच्या लेखी परीक्षेत वर्गात पहिली, आणि प्रॅक्टिकलला नापास. आज तिची फेरपरीक्षा. यातही नापास झाली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणून ती घरी न जाता रिकाम्या होस्टेलवर राहिली होती. नापास होणं तिला काही केल्या पचत नव्हतं.

"मागच्या वेळी लघवीत केटोन सापडले, मी मधुमेह लिहिलं. पुस्तकात तसंच आहे."

"साखर तपासलीस?"

"गरज काय? परीक्षेचे नमुने कसे बनतात ते सगळ्यांना माहीत आहे, सर. कुणातरी धडधाकट माणसाची लघवी घ्यायची. त्यात चिमूटभर ग्लुकोज, केटोनसाठी थोडं अ‍ॅसिटोन. झाला मधुमेह तयार."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी स्टँडवर एक परीक्षानळी ठेवली.

"याचं निदान कर. आणि पुढे काय करशील तेही सांग."

रेवाचा हात चांगला होता, त्यात वाद नाही. साखर तपासायच्या बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात तिने नमुना घालून उकळला. निळा रंग निळाच राहिला. मग केटोनची चाचणी केली. अमोनिया नळीच्या कडेने हळूच सोडला, तसं गडद जांभळं कडं उमटलं.

"साखर नाही. केटोन भरपूर." आता तिला हसू आलं. "सर, अ‍ॅसिटोन टाकलंत आणि ग्लुकोज घालायला विसरलात."

"मी यात काहीच टाकलेलं नाही. साखर नाही, तरी केटोन आहेत. कसे?"

"अन्न मिळालं नाही की शरीर स्वतःची चरबी जाळतं," ती घडाघडा बोलू लागली. "त्या चरबीपासून यकृतात केटोन बनतात, रक्तात येतात, लघवीत उतरतात. म्हणजे हा माणूस निदान दोन दिवस..."

ती थांबली.

पहारेकरी कालच फाटकाची किल्ली सरांकडे देऊन गावी गेला होता. शिपाई, कारकून, मेसच्या मावशी, कुणीच नव्हतं. नमुना द्यायला इथे दुसरं माणूसच उरलं नव्हतं.

तिने सरांकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. सरांच्या पत्नी पावसाळ्यात वारल्या, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. शोकसभेला रेवाही उभी होती, आणि नंतर विसरून गेली होती. आता तिला फार लाज वाटली.

"सर... कधीपासून?"

"ते पेशंटला विचार. मी परीक्षक आहे."

बाहेर लांब गावात फटाके वाजत होते.

रेवाने नळी स्टँडमध्ये परत ठेवली. हात धुतले. मग सरांच्या समोर स्टूल ओढून बसली आणि वॉर्डात विचारतात तसं हळू आवाजात विचारलं, "काका, जेवलात का?"

"नाही." सरांची नजर खिडकीकडे होती. "एकट्यासाठी गॅस पेटवावासा वाटत नाही."

तिने पिशवीतून आईने एसटीने पाठवलेला डबा काढला. चकल्या आणि चिवडा. पण प्रयोगशाळेत खायला बंदी, आणि तो नियम सरांचाच. म्हणून दोघं बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सर चकली नुसतीच हातात धरून बसले होते. रेवाने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"सर... मी पास?"

"उद्या पुन्हा तपास," सर म्हणाले. "नमुना बदललेला असेल."